आकांक्षाचं बाष्पीभवन

धावड्याजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत वंदना मॅडम बदलून आल्या आणि पाचवीच्या पोरांच्या हातात ब्रश आले. विषय कोणताही असो, मॅडमचं म्हणणं एकच: वस्तू काढायची नाही, धडा जसा वाटला तसा रंगवायचा. कविता झाली की पोरं तिच्या ठेक्याचे पट्टे ओढायची. भूगोलात डोंगर न काढता नुसती चढण काढायची.

आकांक्षा वर्गात कधी हात वर न करणारी. बाष्पीभवनाच्या धड्याला तिनं कागदाच्या तळाशी दाट निळा थापला आणि वर जाताना त्यात पाणी घालत गेली. निळा विरत गेला. वरचा भाग तिनं कोराच ठेवला.

मॅडम तिच्या बाकाशी वाकल्या. "पोरी, तुला धडा कळला," म्हणाल्या, अन् कागद फळ्याशेजारी चिकटवला. आकांक्षानं घरी आईला ते दोन-तीनदा सांगितलं.

मग केंद्रप्रमुख बद्रीनाथ सर तपासणीला आले. त्यांची नजर त्या कागदावर थांबली.

"हे कोणाचं?"

आकांक्षा उभी राहिली. "माझं. बाष्पीभवन हाय, सर."

"मंग भांडं कुठं गेलं? सूर्य कुठंय?"

सरांनी कागद ओढून काढला आणि उलटा धरला. "आता काय, पाऊस पडू राह्यला का?"

तिनं नीट पाहिलं. "व्हय, सर."

वर्ग फिदीफिदी हसला. सरांना वाटलं, पोरगी आपली टिंगल करतेय. ते वळले. "मॅडम, हे तुम्ही शिकवलं?"

आकांक्षाचा जीव भांड्यात पडला. आता मॅडम सांगतील.

मॅडमनी पदर सारखा केला. "नाही सर. मी भांडं, चूल, वाफ, सगळं फळ्यावर काढून दिलं होतं. ही ऐकतच नाही."

"मॅडम, तुम्हीच तर म्हणल्त्या..."

"उलटं बोलू नकोस," मॅडम म्हणाल्या.

सरांनी तिला तो कागद छातीशी धरून वर्गावर्गात फिरवलं. प्रत्येक दारात म्हणायचं, 'मला विज्ञान येत नाही.' पहिलीची लेकरं काही न कळताच हसली. दुपारपासून पोरं तिला वाफ म्हणायला लागली.

घरी आई, प्रभावती, भाकरी थापत होती. आकांक्षानं रडत रडत सगळं सांगितलं. ते ऐकून आई म्हणाली, "मॅडम खोटं कशाला बोलतीन? तुझंच ध्यान नसंल."

त्यानंतर आकांक्षा रडली नाही.

काही दिवसांनी मॅडमनी पुन्हा रंग वाटले. विषय अपूर्णांक. आकांक्षाजवळ वाकून हळूच म्हणाल्या, "तू तुझ्या मनासारखं काढ हं."

तिनं पुस्तक उघडलं, पट्टी घेतली आणि धड्यातलं चार भाग केलेल्या पोळीचं चित्र जसंच्या तसं उतरवलं. खाली नाव लिहिलं.

"बराबर हाय का, मॅडम?"

"बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या बाकाकडे गेल्या. शेजारचा सुमित वाकून तिची पोळी उतरवू लागला. त्याच्यामागून दुसरे. तास संपेपर्यंत ब्रश कोणी ओला केला नाही.