जमादार गुरुपादप्पांचा हुद्दा

"ताई, हे कॅशियर नाहीये," धम्मप्रिया म्हणाली. "शेवटचं अक्षर बघा. डी आहे."

उमादेवींनी वाकून पाहिलं. टेबलावर दिव्याखाली आजोबांचा फौजेतून आलेला कागद पसरला होता. लहानपणापासून त्यांनी तो फ्रेममध्येच पाहिलेला, आणि त्यातलं ते शेवटचं अक्षर कायम घडीत दबलेलं. धम्मप्रिया नांदेडात जुने कागद दुरुस्त करून द्यायची. ओल्या ब्रशनं तिनं घडी उलगडली आणि अक्षर वर आलं.

"कॅशियर्ड म्हणजे कॅशियर म्हणून नेमलं, असंच ना?"

"नाही." धम्मप्रियानं ब्रश खाली ठेवला. "फौजेत त्याचा अर्थ वेगळा आहे. हुद्दा काढून घेऊन, बेअब्रू करून घालवून देणं. बडतर्फ."

उमादेवींनी पुन्हा वाकून ते अक्षर पाहिलं. धम्मप्रिया समजावून सांगू लागली. बँकेतला कॅशियर फ्रेंच शब्दावरून आला, त्याचं मूळ पैशाच्या पेटीत. हा दुसरा शब्द डचांकडून आला, त्याचं मूळ मोडून टाकण्यात, रद्द करण्यात. इंग्रजीत येईपर्यंत दोघांचा चेहरा सारखा झाला, एवढंच. नात्यानं ते एकमेकांचे कुणी लागत नाहीत.

"आमची आजी नाण्याला कासु म्हणायची," उमादेवी म्हणाल्या. "कानडीत."

"त्या कासुवरून इंग्रज इकडच्या बारक्या नाण्यांना कॅश म्हणायचे. तो आणखी तिसराच."

उदगीरजवळच्या त्यांच्या गावात त्यांच्या घराला सगळे 'कॅशियरचं घर' म्हणत. आजोबा, जमादार गुरुपादप्पा, संस्थानी फौजेचे कॅशियर होते म्हणून. वडील महादेवप्पा उदगीरला एका कापसाच्या जिनिंगमध्ये चाळीस वर्षं कॅशियर होते. त्या स्वतः लातूरला बँकेत चौतीस वर्षं कॅश काउंटरवर बसल्या होत्या. नोकरीचं पत्र आलं त्या दिवशी वडिलांनी त्यांना त्या फ्रेमपुढे उभं केलं होतं आणि "खाली मान घालायची पाळी आणू नको," एवढंच सांगितलं होतं. आता महिनाअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या. निरोपाच्या कार्यक्रमात हा कागद सगळ्यांना दाखवायचा आणि तीन पिढ्यांचं सांगायचं, असं महादेवप्पांनी मनात धरलं होतं. त्यासाठीच तो दुरुस्तीला आणलेला.

"घडी परत होती तशी बसवता येते," धम्मप्रिया हळूच म्हणाली. "कुणाला कळणार नाही."

उमादेवी त्या अक्षराकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "नको. उघडीच राहू द्या."

संध्याकाळच्या आत वडिलांचं उदगीरचं घर गाठायचं म्हणून त्यांनी कंधारवरून जाणारी गाडी धरली. कागद दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून मांडीवर घेतला होता. वाटभर त्या वाक्यं जुळवत होत्या आणि मोडत होत्या. पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाला त्याचा बाप बेअब्रू होऊन घरी आला होता हे कसं सांगायचं? पण उदगीरला पोचल्यावर महादेवप्पांनी चहासुद्धा होऊ दिला नाही. बाजेवर बसूनच हात पुढे केला.

"आण. बघू दे."

उमादेवींनी जुळवलेलं सगळं विसरून सरळ सांगितलं.

महादेवप्पांनी कागद डोळ्यांजवळ नेला. इंग्रजी त्यांना जेमतेम वाचता यायचं. त्या एका अक्षरावर त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"काय केलं होतं बापूनं? कारण लिवलंय का?"

"न्हाई, अप्पा. नंबर हाय, नाव हाय, तारीख हाय. कारण न्हाई."

"बापूला तर ठाऊक असंल, काय लिवलंय ते."

"असंलच की. त्यांच्यासमोरच काढला असंल हुद्दा."

महादेवप्पा भिंतीला टेकले. "कागद टपालानं आला. बापूला काळं अक्षर येत न्हवतं. मास्तरला बोलावलं. उर्दू शाळेचा मास्तर, त्याला इंग्रजी अर्धीमुर्धीच. त्यानं मोठ्यानं वाचलं, कॅशियर. म्हणला, गुरुपादप्पा फौजेचा खजांची होता, आन् आपल्याला पत्ता न्हाई. चावडीवर माणसं जमली. बापू खाली बघत बसलेला. आम्हाला वाटलं, भिडस्त माणूस हाय."

"काहीच बोलले न्हाईत?"

"न्हाई. अन् मग ते साल आलं, पोलीस ॲक्शनच्या आधीचं." ते आता मुलीशी बोलत होते की स्वतःशी, ते कळत नव्हतं. "मी आठ वर्षांचा. गाव रिकामं होऊन राहिलं होतं. ज्याला जिकडं वाट मिळंल तिकडं माणसं निघाली. सोनंनाणं संगं नेलं तर वाटंत लुटत्यात. मग रोज कुणीतरी यायचं. गाठोडं घेऊन. कॅशियर, हे ठेव. कॅशियर, हे तुझ्यापाशी असू दे. आधी आमची माणसं आली. ॲक्शन झाल्यावर मुसलमानाची घरं निघाली, ती बी बापूकडंच आली. धान्याच्या कणगीत, चुलीमागं, गोठ्यात, कुठं कुठं पुरलं होतं. आईला बी ठावं न्हवतं. लिवून ठेवावं तर लिवता येत न्हवतं."

"मग कुणाचं कुठलं ते?"

"ध्यानात." महादेवप्पांनी कपाळाला बोट लावलं. "माणसं परत आली तसं एकेकाचं काढून दिलं. कुणाचं दोन साल राहिलं. एकाचं तर पाच साल."

उमादेवींनी ही गोष्ट शंभरदा ऐकली होती. घरात ती सांगितली जायची ती कौतुकानंच, पण त्या कौतुकात नवल नसायचं. आजोबा कॅशियर होते. दुसऱ्याचं सांभाळायचं हे त्यांचं शिकलेलं काम. ते त्यांनी केलं. महादेवप्पांनीही आयुष्यभर ती तशीच सांगितली होती.

आता त्यांनी कागद मांडीवर ठेवला. तोंड किंचित उघडं, नजर समोरच्या कोनाड्यावर. देवळात पहिल्यांदा आत गेलेल्या लेकरासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"म्हंजे उमा," ते हळू म्हणाले, "बापूला खजिना सांभाळायचं कुणीच शिकिवलं न्हवतं."

"न्हाई."

"त्या शब्दानं त्याला रोज हाक मारायचे. घालवून दिलेला, घालवून दिलेला, असंच त्याच्या कानात पडत असंल. आन् तो ओ द्यायचा. आन् उठून गाठोडं घ्यायचा."

 उमादेवींनी वडिलांचा हात हातात घेतला. 

"तुझ्या कार्यक्रमात मी सगळं सांगन," महादेवप्पा म्हणाले. "पूर्ण शब्द सांगन."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धोतर, कोट, टोपी असा सगळा पोशाख केला आणि गावाला चल म्हणाले. बारा वर्षांत ते गावाला गेले नव्हते. त्या वेळचं आता एकच माणूस उरलं होतं, धोंडाबाई. नव्वदीला आलेली, डोळ्यांनी अधू. सुनेनं तिला ओसरीवर आणून बसवलं.

"मी महादू. कॅशियरचा."

"हाव," म्हातारी म्हणाली. "आवाज बापासारखाच हाय."

"तुमचं काय होतं आमच्याकडं ठिवलेलं, ध्यानात हाय का?"

"न्हाई कशाला. आईची पुतळ्यांची माळ. हिरव्या खणात बांधलेली. आम्ही दोन सालानं आलो. तुझ्या बापानं कणगीतनं काढून आईच्या हातावर ठिवली. एक बोलला न्हाई." तिनं हवेत बोटं फिरवली, जणू काही सोडवत होती. "आईची गाठ लई घट्ट असायची. गाव सोडताना मारलेली, ती तशीच होती. कुणी हात लावला न्हवता. दात लावून सोडावी लागली आईला."

महादेवप्पा तिच्या बोटांकडे पाहत राहिले. मग त्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. घराबाहेर, परक्या ओसरीवर, वडिलांचं उघडं डोकं उमादेवी पहिल्यांदाच पाहत होत्या.