वजा केलेले बाबा

तळघरातलं ते यंत्र पाहून, यात कुणाची तीस वर्षं गेली असतील असं कुणाला वाटलं नसतं. केसाहून बारीक तारेला टांगलेला आडवा दांडा, टोकांना दोन गोळे, भोवती हवा काढून घेतलेलं पिंप. गुरुत्वाकर्षण हेच मुळात मरतुकडं बळ, आणि बाबा त्याच्याहूनही लाखो पटींनी दुबळं असं एक नवं बळ शोधत होते, असलंच तर. लोक त्यांना वेड्यात काढायचे. बाबा ते कानाआड करायचे.

बाबा गेले आणि यंत्र लेकीकडे आलं. तिनं त्यांच्याच हाताखाली इथं धडे गिरवले होते. आई तिला एवढंच म्हणाली, "माझा अर्धा संसार त्या तळघरात गेला गं. काही सापडलं तर मला आधी सांग."

सात महिन्यांनी सापडलं. संगणकावरच्या आलेखात सकाळी अकराला दांडा किंचित वळलेला दिसायचा आणि साडेअकराला जागेवर यायचा. शेजारच्या खोलीतून त्याला कुणीतरी दूर ढकलत असावं तसा. त्या खोलीत भिंतीला लागून बाबांची खुर्ची होती.

पिंपातली हवा खेचणारा पंप सांभाळणारा मिस्त्री तिकडे फिरकेनासा झाला. "ताई, साहेबांची ही बसायची वेळ. मला नका पाठवू."

"मिस्त्री, तुम्हीसुद्धा?"

"मी आपलं सांगितलं."

ती हसली खरी, पण अकरा वाजले की त्या दाराकडे पाठ करून बसणं तिलाही जमेना. तिनं तार बदलली, पंप बंद ठेवून पाहिला, खोलीचं तापमान तासातासाला मोजलं. वळण जागचं हललं नाही. भीती आणि आनंद दोन्ही एकदमच तिच्या मानगुटीवर बसले होते. शेवटी तिनं आईला फोन करून सांगितलं, "काहीतरी आहे." बाबा गेले तेव्हा न रडलेली आई त्या दिवशी रडली.

शोधनिबंधावर पहिलं नाव बाबांचं घातलं. मग वारांप्रमाणे तक्ता करायला घेतला, तर वळणाचे रविवारचे रकाने कोरे. एकूण एक. ती बघतच राहिली. विश्वाचं मूलभूत बळ आठवड्याची सुट्टी घेत नाही.

तिला अकरा वर्षांपूर्वीची सकाळ आठवली. "बाबा, तुम्ही इथं चहा घेऊन बसता ना, तुमच्या वजनानं दांडा तुमच्याकडे ओढला जातो. दुसरीकडे बसा." बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले होते, "मी हलणार नाही. मला वजा कर." मग तिनं त्यांना पार्सलच्या काट्यावर उभं केलं. ऐंशी किलो. अकरा ते साडेअकरा, रविवार सोडून, संगणकानं एवढी ओढ आकड्यांतून वजा करावी, अशी एक ओळ तिनंच लिहिली होती. बाबा गेल्यावर ती काढायची राहिली. ओढायला खुर्चीत कुणी नव्हतं, वजाबाकी मात्र चालूच होती, म्हणून आलेख उलटा वळत होता.

तिनं ती ओळ पुसली. आलेख सरळ झाला. सात महिन्यांत कुठेच काही नव्हतं. ती टेबलावर डोकं टेकून पोटभर रडली आणि मग आईला फोन लावला.

"म्हणजे काहीच नव्हतं?" सगळं ऐकून आईनं विचारलं.

"बळ नव्हतं. चूक माझी होती, आई. यंत्र रोज अकराला बाबांना खुर्चीत बसलेलं धरून चाललं होतं."

"अजून धरतंय?"

"नाही. आत्ताच काढलं."



"उद्यापर्यंत राहू द्यायचं होतंस," आई म्हणाली. "अकराला मी आले असते."