पुठ्ठ्याला चिकटलेला दाखला

मी एक जुना, शाळा सोडल्याचा दाखला आहे. वय शहात्तर. हे मी नुसतं तोंडी सांगत नाही, मित्रांनो. माझ्या अंगावर तारीख आहे. उजवा कोपरा कसरीने खाल्ला, पण शाई शाबूत आहे. या वयात इतकं पुष्कळ झालं.

एका हेडमास्तरांनी मला टाकाने लिहिलं. ज्याच्यासाठी लिहिलं, तो मुलगा सातवी पास झाला होता. नाव, जन्मतारीख, वर्तणूक 'चांगली' आणि एका रकान्यात जात. वर्गात त्याची जागा दाराबाहेर, पायरीवर. ती जागा देताना त्याच्याकडे कुणी पुरावा मागितला नव्हता. पुढे तो शहरात खोली शोधत हिंडला, तेव्हा घरमालकांनीही मागितला नाही. आडनाव ऐकलं की त्यांना आठवायचं, खोली तर कालच दिली. माणसाला लांब ठेवायचं असलं की त्याची जात सगळ्यांना तोंडपाठ असते. कागद लागतो तो सवलत द्यायची वेळ आली की.

माझ्या जोरावर त्याला टपाल वाटायची नोकरी लागली. मला त्याने पत्र्याच्या डब्यात जपलं. तो गेला आणि मी त्याच्या मुलाच्या हाती आलो. हा मुलगा बसचा ड्रायव्हर. बापाची आठवण म्हणून त्याने कणकेची खळ शिजवली, मला पुठ्ठ्यावर चिकटवलं, काच लावली आणि भिंतीवर टांगलं. त्याची बहीण छापखान्यात पुस्तकं बांधते. ती म्हणाली, "दादा, कागदाला पाठ मोकळी लागते."

"तू तुझी पुस्तकं बांध. बाबांचं मी बघतो."

बारा वर्षं मी बघण्याची वस्तू झालो. पाहुणे वाकून वाचायचे, "वा, काय अक्षर आहे" म्हणायचे. मग एका वर्षी माझ्या काचेवरच कॅलेंडर लागलं आणि माझं कौतुक संपलं.

ड्रायव्हरच्या थोरल्या मुलीला डॉक्टरकीला राखीव जागा मिळाली, तेव्हा मला खाली काढलं. जागा टिकवायला जातीची पडताळणी हवी होती आणि आजोबांच्या काळचा पुरावा म्हणजे मीच. पडताळणी समितीचा इन्स्पेक्टर घरी आला. त्याने मुलीला तुमच्या जातीची जुनी गाणी येतात का, असं विचारलं. तिला एकही येईना. प्रवेश परीक्षेला गाणी नव्हती.

मग निकाल आला. शाळेच्या रजिस्टरात नोंद सापडत नाही; दाखल्याची मागील बाजू संशयास्पदरीत्या झाकलेली आहे; दावा अमान्य. कॉलेजने कळवलं, महिन्याभरात प्रमाणपत्र द्या, नाहीतर जागा जाईल.

घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. ड्रायव्हर म्हणाला, "पोरीचं वाटोळं मीच केलं. त्यांना वाटतंय मी मुद्दाम झाकलं."

"मुद्दाम करायला डोकं लागतं, दादा," आत्या म्हणाली. तिने माझी कड नखाने चाचपली. "कशाने चिकटवलं होतंस?"

"घरच्या खळीने. गम महाग होता."

"तुझा चिकटपणा पहिल्यांदा कामी आला. खळ पाण्याने सुटते."

ती भांडं आणायला उठली, तेवढ्यात निकालाविरुद्ध कोर्टात जायला बोलावलेल्या वकीलबाईंनी थांबवलं. "घरी अजिबात सोडवू नका. उद्या खाडाखोड केली म्हणतील. जे काय व्हायचं ते कोर्टासमोर होऊ दे."

कोर्टात न्यायाधीशांनी मला उलटसुलट पाहिलं. "मागची बाजू कुणी पाहिली आहे का?"

"चिकटवलेली आहे," समितीचे वकील म्हणाले.

"मग सोडवा."

"फाटला तर?"

आत्या मागच्या बाकावरून उठली. "साहेब, सव्वीस वर्षं कागदच हाताळतेय मी."

दुपारी तीन वाजता, कोर्टाच्या कचेरीत, दोन्ही बाजूंच्या देखत माझी शस्त्रक्रिया झाली. आत्याने पुठ्ठा पाठीमागून थर थर करून सोलला. उरलेल्या थरावर ओला टिपकागद ठेवला आणि ती हात बांधून बसली. समितीचे वकील म्हणाले, "आता काय?"

"आता वाट बघायची. कागदाला घाई चालत नाही. तुमच्याकडे तर सवय असेल."

अर्ध्या तासाने तिने बोथट पट्टी आत सरकवली. ड्रायव्हर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मुलगी मात्र बघत होती. मी फाटलो असतो, तर तिची जागा माझ्याबरोबर गेली असती. मित्रांनो, मी जन्मात इतका सरळ पडून राहिलो नव्हतो.

मी सुटलो. पाठीवर हेडमास्तरांचंच अक्षर होतं: रजिस्टर दुसरे, नोंद दोनशे चौदा.

शाळेने पहिलंच रजिस्टर चाळून 'नाही' कळवलं होतं. दुसरं माळ्यावर गठ्ठ्यात बांधलेलं निघालं. दोनशे चौदावर तेच नाव, तीच तारीख, तीच जात. कोर्टाने समितीचा निकाल रद्द केला आणि तिला प्रमाणपत्र द्यायला लावलं. मुदतीला तीन दिवस उरले असताना मुलीने प्रमाणपत्र कॉलेजात दिलं आणि त्याच दिवशी हाडांच्या तासाला जाऊन बसली.

आता माझी मागणी. आम्हा जुन्या कागदांना देवासारखं भिंतीवर चढवू नका आणि रद्दीसारखं माळ्यावर टाकू नका. कोरड्या जागी, पाठ मोकळी ठेवून, सुट्टं राहू द्या. आम्हाला कामावर जायचं असतं.

गेल्या आठवड्यात धाकटीच्या नावाने समितीचं पत्र आलं. आजोबांचा मूळ दाखला सादर करावा. ड्रायव्हर म्हणाला, "अहो, थोरलीची सख्खी बहीण आहे." खिडकीवरचे कारकून म्हणाले, "ते तुम्हाला माहीत. आम्हाला कसं कळणार?"

आत्याने मला साध्या फाइलीत ठेवलं आहे. सोमवारी अकराला बोलावलंय. मी तयार आहे.