चंद्राला हाक मारणारा पितळी डबा

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हसल्याशिवाय राहत नाही. दोन-तीन बोटं उंचीचा पितळी डबा, झाकणातून वर डोकावणारी एक नळी, कूलरच्या मोटरीला जोडलेले दोन प्लास्टिकचे पाइप आणि मागे वायरींचा गुंता, असं माझं ध्यान आहे. परवाच एका पाहुण्याने विचारलं, "हे काय हाय, चहाचं मशीन?" मी राग मानला नाही. मी एक जुना, घरी बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर आहे, आणि मी चंद्रापर्यंत आवाज पोचवला आहे. ज्याने एवढं केलं त्याने चहाच्या मशीनवरून रुसून बसणं बरं दिसत नाही.

आधी मी शेवयांचा डबा होतो. प्रमिलाबाई लग्न होऊन वडनेरहून कारंजा घाडग्याला आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर आंदणात आलो. त्यांचे यजमान रत्नदीप तार खात्यात होते. बोटाने खटके मारायचे, कानाने खटके ऐकायचे आणि कागदावर अक्षरं उतरवायची, हे त्यांचं काम. कोणाचा जन्म, कोणाचं मरण, कोणाची नोकरी, सगळं त्यांच्या कानातून गेलं. पुढे तार बंद झाली, ते निवृत्तही झाले, पण गाव त्यांना अजून तारबाबूच म्हणतं.

तारबाबूंना हौशी रेडिओचा नाद होता. सरकारी परवाना काढून घरच्या यंत्रावरून दूरदूरच्या माणसांशी बोलायचं, असा हा छंद आहे. माणसांशी बोलून झालं, पण एक इच्छा तरुणपणापासून मनात राहिली होती. रेडिओचा आवाज चंद्रावर फेकला तर तो तिथे आपटून परत येतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. एकदा ते मुलीला, जागृतीला, म्हणाले, "चाळीस वर्षं लोकाईच्या तारा पाठवल्या. आता एक तार माह्या हातची चंद्रावर पाठवाची हाय, आन् ती परत मलेच भेटली पायजे."

जागृती वर्ध्याला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. तिने बापाला वेड्यात काढलं नाही. काढायला वेळही नव्हता. तारबाबूंचे कान जाऊ लागले होते. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की हे आता थांबायचं नाही, फार तर दोन-तीन वर्षं कामापुरतं ऐकू येईल. कानात घालायचं यंत्र आणलं, तर त्यात जगाचा गलका वाढला आणि शब्द तसेच अर्धवट राहिले. ज्या माणसाने आयुष्यभर कानावर भाकरी खाल्ली, त्याचे कान जायचे होते. त्याआधी चंद्रावरून आलेला आवाज स्वतः ऐकायचा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

मग माझी पाळी आली. एवढ्या उंच पट्टीच्या रेडिओलहरींसाठी अ‍ॅम्प्लिफायरची पेटी ठरावीक मापाचीच लागते. केसभर चुकलं तर लहरी आत मावत नाहीत. तारबाबूंनी वहीत गणितं मांडली, पट्टी घेऊन घरभर फिरले आणि माप माझ्या पोटाशी जुळलं. शेवया कागदावर ओतून ते मला पिशवीत घालून हायवेवर मोतीलालच्या लेथवर घेऊन गेले.

मोतीलाल ट्रकचे ब्रेक ड्रम घासणारा माणूस. मला उलटसुलट करून त्याने विचारलं, "भाऊ, यात काय ठेवाचं हाय? सुपारी?"

"यात आवाज ठेवाचा हाय," तारबाबू म्हणाले. "आतून आरशासारखा गुळगुळीत पायजे."

मोतीलालने मग हात असा लावला की तसा कोणत्या ब्रेक ड्रमला लावला नसेल. माझा वरचा भाग कापून टाकला, बूड ठेवलं, नवं झाकण बसवलं. मधोमध भोक पाडून त्यात व्हॉल्व्ह बसवला, जुन्या रेडिओत आवाज वाढवायला असतो तसा. अंगठ्यापेक्षा थोडा मोठा, चिनी मातीचा आणि धातूचा, नागपूरच्या भंगारबाजारात मिळालेला. तो फार तापतो, म्हणून त्याच्या डोक्यावर पाणी खेळवायला कूलरची मोटर आणि बादली आली. विदर्भात कूलरच्या मोटरीला काय तोटा!

प्रमिलाबाईंना मात्र हे तिसऱ्या दिवशी कळलं. "माह्या माहेरचा डबा कापला? घरात दुसरं काई भेटलं नाई तुमाले?" दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. तारबाबूंना ऐकू कमी येत असल्यामुळे हा अबोला त्यांच्या लक्षात यायलाही एक दिवस गेला.

माझ्या पोटात हजार व्होल्ट खेळतात, मित्रांनो. तारबाबूंनी जागृतीला पहिला धडा दिला तो हाच, की चालू डब्याजवळ काम करताना एक हात खिशात ठेवायचा. बंद केल्यावरही थांबायचं, साठलेली वीज जमिनीत सोडायची आणि मगच झाकण उघडायचं. चाळीस वर्षांच्या पोरीला ते दर वेळी विचारायचे, "हात कुठी हाय?" ती निमूटपणे खिसा दाखवायची.

आता माझी एक लाज सांगतो. पहिल्यांदा वीज दिली तेव्हा माझं काम एवढंच होतं, दहा वॅट आत आले की शंभर वॅट बाहेर द्यायचे. पण मला दम धरवेना. कोणी काही पाठवलंच नव्हतं आणि मी आपणहून बोंबलायला लागलो. काटा टोकाला गेला, पाण्याला वाफ सुटली. "बंद कर! हा सोताच गाऊन राह्यला!" तारबाबू ओरडले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तशी माझी गत झाली. पुढचे दोन महिने त्यांनी माझ्या झाकणाचे स्क्रू वाढवले, व्हॉल्व्हभोवतीच्या पत्र्याच्या बारीक जिभा एकेक करून घासल्या आणि मला गप्प बसायला शिकवलं. दुसऱ्याचा आवाज मोठा करायचा असेल तर आधी स्वतःचा बंद करावा लागतो, हे तिथे मला कळलं.

घरामागे दौलतरावांचं भाजीचं वावर आहे. बंद पडलेल्या केबलवाल्याची बारा फुटी छत्री तारबाबूंनी तिथल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी केली होती. "चंद्रावर वांगे लागत असन तं सांगजो," असं म्हणत दौलतरावांनी जागा दिली आणि छत्री फिरवायचं कामही हौसेने अंगावर घेतलं. शेजारी टिनाच्या छपराखाली टेबल मांडलं. त्यावर तारबाबूंचा रेडिओ, तार पाठवायची पितळी कळ आणि मी.

माघातली शुद्ध अष्टमी होती. अष्टमीचा चंद्र दुपारीच उगवतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. चार वाजता तो तुरीच्या वावरावर उभा होता. निळ्या आकाशात अर्धा, फिकट, बोटाने पुसला तर जाईल असा. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मनात हिशोब मांडला. तो पावणेचार लाख किलोमीटर लांब. माझ्याजवळ शंभर वॅट, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढी ताकद. एक बल्ब लावून चंद्राला जागं करायचं होतं!

दौलतरावांनी छत्री नेमकी रोखली. जागृतीने लॅपटॉप उघडला. तारबाबूंनी कळ दाबली, सोडली. मी अंगात होतं नव्हतं ते सगळं ओतलं. टक् करून स्विच फिरला आणि रेडिओ ऐकू लागला. स्पीकरमधून नुसती खरखर. एक सेकंद, दोन सेकंद...

"टीं."

मुंगीएवढा आवाज, पण होता! जागृती ओरडली, "बाबा, आला! चंद्रावरून आला!" लॅपटॉपवर बारीक रेघ उमटली होती. दौलतरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. चंद्राकडे पाहावं की स्पीकरकडे, त्यांना कळेना. कारंजातून निघालेली एक टिचकी चंद्राच्या दगडधोंड्यांवर आपटून वांग्याच्या वावरात परत आली होती. माझा विश्वास बसेना, अजूनही पुरता बसत नाही.

फक्त तारबाबू तसेच बसून होते. "आला का?" त्यांनी विचारलं.

पुन्हा कळ दाबली. पुन्हा टीं. जागृतीने स्पीकर मोठा केला, तर खरखरही तेवढीच वाढली. सहा वेळा चंद्राने उत्तर दिलं आणि सहाही वेळा ते आमच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"बाबा, हे पाहा, स्क्रीनवर दिसते," जागृती म्हणाली.

"मले पाहाचं नाई, बेटा. पाहाले तं चंद्र डोयानंबी दिसते. मले आयकाचं होतं." "ताकद कमी पडून राह्यली. असा अजून एक डबा लागन. वर्ष जाईन त्यात." आणि वर्षभराने कान असतील का, हे कोणाला माहीत? त्यांनी हात पुढे करून माझी वीज बंद केली.

मित्रांनो, मी तेव्हा इतका शरमिंदा झालो होतो की काय सांगू. चंद्रापर्यंत पोचलो, पण शेजारच्या खुर्चीवरच्या माणसापर्यंत पोचता आलं नाही.

तेवढ्यात प्रमिलाबाई चहा घेऊन आल्या. शेवटचे दोन टीं त्यांनी वाटेतच ऐकले होते. चंद्राशी त्यांचा संबंध वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेच्या खिरीपुरता. त्यांनी दोनदा हाक मारली, "अवो, चा!" तारबाबूंना पत्ता नाही. पण त्याच वेळी हायवेवर एका ट्रकने भोंगा वाजवला, आणि तारबाबूंची मान तिकडे वळली.

"पाह्य!" प्रमिलाबाई जागृतीला म्हणाल्या. "कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या तरी ह्याईले आयकू येत नाई. मी वरडून वरडून मरतो. आन् टरकचा भोंगा बरोबर आयकू येते. तुमचा चंद्र काऊन एवढा बारीक बोलते? त्याले म्हणा ना, जरा जाड्या आवाजात बोल."

जागृतीने हातातला कप खाली ठेवला. चंद्राचा आवाज बारीक की जाड, हे चंद्र ठरवतच नाही, ते रेडिओवरचं एक बटण ठरवतं. पण ते बटण तारबाबूंनी रेडिओ शिकल्यापासून एकाच जागी ठेवलेलं होतं. खरखरीतून बारीक शिट्टीच कानात शिरते, हा त्यांच्या उस्तादाचा धडा. त्या बटणाला घरात कोणी हात लावत नसे. चाळीस वर्षांत कान बदलले, पण बटण तिथेच राहिलं.

"बाबा, मी फिरवते," जागृतीने बटणावर बोट ठेवून हाताने खूण केली. तारबाबूंनी आधी मान हलवून नको म्हटलं. मग बायकोकडे पाहिलं. मग स्वतःच मला वीज दिली.

जागृतीने बटण केसभर फिरवलं. त्यांनी कळ दाबली, सोडली. टक्. खरखर. आम्ही सगळे श्वास धरून होतो. माझ्यासारख्या डब्याला श्वास नसतो, तरी मीही.

"घुं..."

तारबाबूंचं एक बोट हळूहळू वर आलं. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. पुन्हा कळ दाबली, आणि आवाज आला त्याच क्षणी बोट पुन्हा वर. तिसऱ्यांदा बोट वर आलं तेव्हा डोळे वाहत होते.

"आला," ते म्हणाले. "लई दुरून आला हो." आणि त्यांनी चंद्राला, दिवसाढवळ्या, दोन्ही हात जोडले. दौलतरावांनीही जोडले. मला हात असते तर मी काय मागे राहिलो असतो?

त्याला आता तीन वर्षं झाली. माझा व्हॉल्व्ह दमला आहे आणि तसा दुसरा सहजी मिळत नाही. मी बैठकीच्या फळीवर असतो. कधी महिनोन्‌महिने कोणी पुसत नाही, मग पितळ काळवंडतं, आणि पाइपात पाणी राहिलं तर हिरवा गंज धरतो. तुमच्या घरी असं कोणी हाताने घडवलेलं यंत्र असेल, तर त्याला भंगारात देण्याआधी एकदा विचारा, की हे कोणी केलं आणि कशासाठी केलं. कोरडं करून, पुसून ठेवा. एवढंच पुरे असतं.

पण माझं खरं मागणं वेगळं आहे. आवाज मोठा करणं हा माझा धंदा, तरी सांगतो, मित्रांनो, ज्याला ऐकू येत नाही त्याच्यावर ओरडू नका. आधी पाहा, त्याला काय ऐकू येतं. त्याच्यासमोर बसा, हळू बोला, आवाज थोडा खाली आणा. तारबाबूंचे कान आणखी गेले आहेत, पण या घरात आता कोणी किंचाळत नाही.

आज सकाळी प्रमिलाबाई दारात आल्या आणि ट्रकवाल्याला शोभेल अशा जाड्या आवाजात हळूच म्हणाल्या, "अवो, चा झाला." अंगणातून तारबाबू म्हणाले, "आलो."