फीमाफीचा कोट

माझं शिलाई मशीन घरमालकाने कोंडून ठेवलं होतं. गाळा त्याचा, कुलूप त्याचं. पण मशीन माझं, वडिलांनी घेऊन दिलेलं. भाडं कधी थकवलं नव्हतं. त्याला गाळा जावयाला द्यायचा होता आणि मी रीतसर नोटीस मागितली, एवढाच माझा गुन्हा. मशीन परत हवं तर दावा लावा. दावा लावायचा तर कोर्टाची फी भरा. फी भरायची तर मशीन चालवा. या चक्राने डोकं पिकलं, तेव्हा शेजारणीने सांगितलं की कमाई कमी असेल तर फी माफ होते. मी अर्ज केला.

आणि सुनावणीला माझा काळा कोट घालून गेले. तिथेच माती खाल्ली.

आमच्या धंद्यात घराबाहेर पडायचं तर अंगावर चांगलं शिवलेलंच हवं. आमचे कपडे म्हणजे आमच्या दुकानाची पाटी. उसवलेली बाही घेऊन फिरणाऱ्या बाईकडे कोण कापड टाकणार? तेव्हा मी इस्त्री करून, सगळी बटणं लावून उभी. घरमालकाच्या वकिलाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मॅडम, या बाईंना फी माफ? यांचा कोट बघा. मला परवडत नाही असा!"

न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुढची तारीख दिली.

घरी मावशीने मला फैलावर घेतलं. आम्ही दोघीच असतो. ती काजं-बटणं करते, मी बाकीचं.

"अक्कल गहाण टाकलीस का गं? गरिबी सांगायला जायचं आणि नटून जायचं? माझा तो भोकं पडलेला स्वेटर घाल. केस विंचरू नकोस. आणि जमलं तर जरा रड."

"मी का रडू? कुलूप त्याने लावलंय."

"मग राहू दे तुझा ताठा, आणि मशीनही राहू दे तिथेच!"

ते मात्र लागलं. मशीन गेलं तर दोघींनी खायचं काय? तारखेच्या सकाळी मी मुकाट्याने स्वेटर घातलासुद्धा. आरशात पाहिलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. ती भोकं मी एका बैठकीत रफू केली असती. ज्या कामावर पोट भरते, ते येत नसल्याचं सोंग करायचं? स्वेटर काढून फेकला आणि कोट चढवला. मावशीने कपाळावर हात मारला.

कोर्टात वकिलाने तेच पालुपद लावलं. कोट, कोट आणि कोट.

"बघायचाच आहे ना? मग नीट बघा," असं म्हणून मी कोट काढला, उलटा केला आणि टेबलावर पसरला.

बाहेरचं काळं कापड म्हणजे घरी रंगवलेलं जुनं ब्लँकेट. आत एका खांद्याला पडदा, दुसऱ्याला मोडक्या छत्रीचं कापड, बाह्यांना मावशीचा जुना परकर आणि पाठीला पिठाचं पोतं. पोत्यावरची अक्षरं धुऊन धुऊनही गेली नव्हती. न्यायाधीश बाईंनी वाकून वाचलं, "ओलाव्यापासून दूर ठेवा."

मागे कुणीतरी खिदळलं.

"हसायचं काम नाही!" मी वळून म्हणाले. कोर्टात असं बोलायचं नसतं, पण मी बोलले. "मॅडम, मी गरीब आहे. उत्पन्नाचा दाखला जोडलाय, तो खरा आहे. पण गरीब दिसायचं नाटक मी करणार नाही. फाटकं घालून आले असते, तर ते खोटं झालं असतं. मला शिवता येतं."

बाईंनी पोत्यावरची शिवण बोटांनी चाचपली आणि वकिलाला विचारलं, "दाखल्याला तुमची काही हरकत?"

"नाही, पण कोट..."

"कोटाचं विचारलं नाही मी."

फी माफ झाली. दावा दाखल झाला. मी कोट सुलट केला आणि सगळ्यांसमोर एकेक बटण सावकाश लावलं.

बाहेर घरमालक उभा होता. एरवी मला पाहून हसायचा, आज मोबाईलमध्ये डोकं खुपसलेलं.

"काका," मी म्हणाले, "निकाल लागेपर्यंत मशीनला तेल घालत जा. गंजलं तर त्याचा वेगळा दावा लावीन. मला फी माफ आहे."