मुकुंदचा अळणी डबा

"पण आम्ही तर शुद्ध शाकाहारी आहोत, डॉक्टर. घरात अंडंसुद्धा येत नाही," मुकुंद म्हणाला.

कंपनीचे डॉक्टर गुजराती होते. त्यांनी रक्तदाबाचा पट्टा गुंडाळून ठेवला आणि पद्माकडे पाहिलं. "बेन, गाठियापण शाकाहारी, जिलेबीपण शाकाहारी. आणि डालडा कुठली कोंबडी देते?"

पद्माला हसू आलं. मुकुंदला आलं नाही. १९९८ साल होतं. कंपनीत परदेशी भागीदार आला होता आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाची तपासणी चालली होती. मुकुंद बॉयलरवर होता. तीन महिन्यांत रक्तदाब उतरला नाही, तर त्याला 'अनफिट' ठरवून स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही घेणार होते. त्याला सत्तेचाळिसावं चालू होतं आणि मुलगी कोमल अजून अकरावीत होती.

घरी येऊन पद्माने कामाला सुरुवात केली. मीठ नुसतं मिठाच्या बरणीत नसतं, हे तिने डॉक्टरांकडून नीट समजून घेतलं होतं. ते पापडात असतं, लोणच्यात असतं, बेकरीच्या खारीत असतं. ढोकळ्यातल्या सोड्यानेही तेच नुकसान होतं. तिने यादी करून फ्रिजवर चिकटवली. दिवसाचं सगळं मीठ सकाळी एका छोट्या चमच्याने वाटीत काढायचं आणि ती वाटी संपली की संपली. महिन्याच्या तेलाचा डबा निम्मा झाला. आमटीतला गूळ गेला. बडोद्याच्या घरात गोडाशिवाय आमटी म्हणजे पाहुण्यांसमोर ठेवायची सोय नाही, पण गेला. त्याऐवजी ती लिंबू पिळायची, जिरं भाजून भरडायची, कोथिंबिरीचे देठ वाटून घालायची.

"हॉस्पिटलात जेवतोय असं वाटतं," मुकुंद म्हणायचा.

"हॉस्पिटलात जायला लागू नये म्हणून."

"बाबा, तीन आठवड्यांत जिभेला सवय होते म्हणे," कोमल म्हणायची.

"तुझ्या जिभेला सांग. ती सारखी चालू असते."

पद्मा कारेलीबागेतल्या एका बालवाडीत शिकवायची. पावणेसातला ती घर सोडायची. स्वयंपाक तिचा, पण मुकुंदचा डबा भरून त्याला कंपनीच्या बसला लावून द्यायचं काम तिच्या सासूबाईंचं, रखमाबाईंचं होतं.

महिन्याने तपासणी झाली तेव्हा रक्तदाब एकशेपन्नासवर आला होता. त्याच सुमाराला मुकुंदची कुरकुरही थांबली. डबा पुसून रिकामा यायला लागला. एकदा तर तो म्हणाला, "दुधीची भाजी चांगली झाली होती." पद्माने ते वाक्य दिवसभर मनात जपलं. जिभेला सवय झाली, आपण जिंकलो, असं तिला वाटलं.

दुसऱ्या महिन्यात आकडा पुन्हा एकशेअडुसष्ट झाला.

डॉक्टर या वेळी हसले नाहीत. "बेन, खरं सांगा. मीठ किती घालता?"

"चमचा मोजून घालते. तेवढंच."

"मग हे कुठून आलं? हवेतून?"

मुकुंद शेजारी बसला होता. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

पद्माला त्याच्यावरच संशय आला. निजामपुऱ्यातल्या फरसाणवाल्याकडे तो थांबत असेल. तिने त्याच्या शर्टाचे खिसे उलटे करून तुकडे शोधले. शेवटी बसच्या थांब्यावर जाऊन त्याच्या मित्राला, संपतरावांना, विचारलं.

"वहिनी, तो माझ्या पुडीतला शेंगदाणा घेत नाही. उगाच का त्याची बदनामी करता?" संपतराव म्हणाले. दोन माणसं वळून बघायला लागली. पद्मा शरमली. मग तिने मिठाची वाटी आणखी अर्धी केली.

तिसऱ्या तपासणीत आकडा एकशेबाहत्तर होता. मुकुंदने सही केली. महिनाअखेरपर्यंत कामावर जायचं आणि मग घरी.

पुढच्या सोमवारी बालवाडीला सुटी होती. पद्मा सकाळी स्वयंपाकघरात आली तेव्हा रखमाबाई डबा भरत होत्या. देवघराच्या फळीवर राजगिऱ्याशेजारी त्यांची एक छोटी बरणी असायची. तिच्यातली फिक्या गुलाबी रंगाची पूड त्यांनी चिमटीने आमटीत टाकली, मग भाजीत, मग पुन्हा आमटीत.

"आई, हे काय?"

"सैंधव," रखमाबाई सहज म्हणाल्या. "दोन महिने घालतेय. लेकरू किती अळणी खाणार? तू मीठ बंद केलंस, ते बरोबरच आहे. हे काही मीठ नव्हे. एकादशीला मीठ चालत नाही आणि हे चालतं. मग डॉक्टरांना का नाही चालणार?"

एकादशी फक्त रखमाबाई करायच्या आणि आपलं फराळाचं आपणच रांधायच्या. ती बरणी पद्माच्या हाताखालची नव्हतीच. यादीत तिने पापड लिहिला होता, लोणचं लिहिलं होतं, खारी लिहिली होती.

ती बाहेरच्या खोलीत गेली. मुकुंद बुटाची नाडी बांधत होता.

"आई तुमच्या डब्यात सैंधव घालतात. सैंधव म्हणजे मीठच, अहो."

मुकुंदने मान वर केली नाही. "हळू बोल."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी चव कळली." तो दुसऱ्या बुटाकडे वळला. "वाटलं, चिमूटभराने काय होतंय. महिनाभराने जेवण जेवणासारखं लागलं होतं, पद्मा."

"आणि डॉक्टर मला बोलत होते तेव्हा?"

तो उभा राहिला. "आईला सांगू नकोस. आपल्यामुळे नोकरी गेली हे तिला या वयात सोसणार नाही."

रखमाबाई डबा घेऊन आल्या. मुकुंदने तो पिशवीत ठेवला आणि बस गाठायला निघाला.

रविवारी मुकुंदची मोठी बहीण, शालिनी, अकोट्याहून आली. सगळे जेवायला बसले. पहिलाच घास खाऊन ती म्हणाली, "पद्मा, राग मानू नकोस, पण तीन महिने नवऱ्याचं मीठ सांभाळता आलं नाही तुला? शाळेतली पोरं सांभाळतेस ना?"

"असं नको गं बोलू तिला," रखमाबाई मायेने म्हणाल्या. "तिने आपल्या परीने केलं. सगळ्यांनाच जमतं असं नाही."

कोमल आईकडे बघत होती. पद्मा मुकुंदकडे बघत होती. त्याने घास गिळला, ताकाचा एक घोट घेतला.

"जाऊ दे ना ताई," तो म्हणाला. "तिने काही मुद्दाम नाही केलं."

शालिनीने मान हलवली आणि पोळी मागितली. पद्माने ती वाढली.