तौनोच्या शर्टाचा तुकडा

आमच्या शिकारीच्या खोपटात नियम एकच. ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाची मागची कड एनारमामा कात्रीने कापणार आणि भिंतीवर खिळ्याने ठोकणार. रडायचं नाही, सबबी सांगायच्या नाहीत. माझे तीन तुकडे आहेत तिथे. मामाचे किती, ते त्याला विचारायची सोय नाही.

सरकारचे नियम मात्र ढीगभर. माझा धाकटा भाऊ तौनो झाडावरच्या मचाणावरून पडला आणि मानेखाली त्याचं काही हलेना. त्यानंतर चार हिवाळे तो खोपटात आला तो शेगडीजवळ बसून आमच्या गप्पा ऐकायला. यंदा मात्र हट्टाने त्याने परवाना मिळवला. बंदूक त्याच्या चाकांच्या खुर्चीलाच बसवलेली. हनुवटीने दांडी हलवून नेम धरायचा आणि तोंडातल्या नळीत फुंकर मारली की बार उडतो.

वनरक्षक डेलियाबाई आदल्या दिवशी येऊन सगळं तपासून गेल्या. मला म्हणाल्या, "खुर्ची तू ढकल, बंदूक तू भर, हरीण तू दाखव. पण फुंकर त्याचीच. त्याच्या नावावर दुसऱ्याने हरीण मारलं तर परवाना गेला."

त्या गेल्या तसा चुलतभाऊ ओन्नी मला लाकडांच्या ढिगामागे घेऊन गेला.

"आइली, तू त्याच्या मागेच बसणार ना? त्याने फुंकर मारली की तूही उडव. दोन बार एकात मिसळतील. हरीण पडेल, बिचारा खूश होईल. कुणाला कळतंय?"

"मला कळेल. आणि पुन्हा 'बिचारा' म्हणालास तर या ढिगातलंच एक लाकूड तुझ्या टाळक्यात घालीन."

मी तोंडाची फटकळ आहे, पण उगाच चिडले नव्हते. परवाना हातात आला त्या दिवशी तौनो मला म्हणाला होता, "हरीण मिळो न मिळो, आइली. मला फक्त कच्चं लिंबू करून खेळवू नका."

सकाळी सुपिरियर सरोवरावरून बोचरा वारा सुटला होता. झुडपांच्या आडोशाला तौनो आणि मी बसलो. बऱ्याच वेळाने देवदारांतून एक नर बाहेर आला, चांगला रुंद शिंगांचा. तौनोची हनुवटी हलली, थांबली, पुन्हा हलली. माझी बंदूक मांडीवर होती. खोटं कशाला सांगू, क्षणभर माझाही हात वळवळला. मी तो मांडीखाली दाबून धरला.

त्याने फुंकर मारली. हरणामागच्या फांदीवरचा बर्फ भसकन खाली आला. नर पांढरी शेपटी वर करून पसार झाला.

त्याच सकाळी ओन्नीचाही नेम चुकला होता. संध्याकाळी खोपटात त्याला बाकावर पालथा पाडून, आरडाओरडा करत मामाने त्याचा शर्ट कापला. मग मामाने कात्री खुंटीला अडकवली आणि सूप वाढायला घेतलं.

"वारा फार होता आज," ओन्नी तौनोकडे न बघता म्हणाला.

"पहिल्याच वर्षी एवढं जमलं, खूप झालं रे," मामा म्हणाला.

मी चमचा पुढे केला. तौनोने तोंड मिटून घेतलं. त्याचे डोळे भिंतीवर होते आणि ते भरलेले मला दिसले.

"मामा," तो म्हणाला, "कात्री बोथट झाली का?"

"अरे, तुझं जरा वेगळं आहे..."

"वेगळं काय? फुंकर माझीच लागते ना? मग चुकली तीही माझीच."

मामाने ओगराळं खाली ठेवलं.

"पण शर्ट तुझ्या बुडाखाली आहे रे."

"मग उचला मला! का मी उठायची वाट बघताय?"

मी आणि ओन्नीने त्याच्या काखांत हात घालून त्याला उचलून धरलं. मामाने घाईघाईने कात्री चालवली, त्यामुळे तुकडा चांगला परकराएवढा निघाला. नवाकोरा लोकरीचा शर्ट, मीच घेऊन दिलेला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"शेगडीजवळून दिसेल असा ठोक," तौनो म्हणाला.

मामाने ठोकला. ओन्नी मागे सरकून तुकड्याकडे बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "फुंकर मारायची होती, गाढवा. जांभई नव्हे."

चार वर्षांत तौनोची टर उडवायची कुणाची छाती झाली नव्हती. तौनो इतका हसला की त्याला ठसका लागला आणि मला त्याची पाठ चोळावी लागली.